नोंदींचे स्थलांतर : एका क्लाउडमधून दुसऱ्या क्लाउडकडे

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या संगणक-केंद्रात भाड्याने घेतलेली साठवण, गणनशक्ती आणि त्यांवर चालणाऱ्या सेवा. महापालिकेची मालमत्ता कराची खाती, रुग्णालयातले तपासणी अहवाल, बँकेतले व्यवहार, कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी असा डेटा तिथे ठेवला जातो आणि संस्थेचे कर्मचारी तो इंटरनेटवरून वापरतात. संस्था एक पुरवठादार सोडून दुसऱ्याकडे जाते, किंवा सरकारी डेटा सेंटरमधून खासगी क्लाउडकडे अथवा उलट दिशेने जाते, तेव्हा हा सगळा डेटा हलवावा लागतो. या कामाला डेटा मायग्रेशन म्हणतात. त्यात तीन गोष्टी एकाच वेळी जागा बदलतात : प्रत्यक्ष डेटा, तो वाचून त्याचा अर्थ लावणारी प्रणाली, आणि त्याच्यापर्यंत कोणी पोहोचावे हे ठरवणारे अधिकार. यांपैकी पहिली गोष्ट हलवणे सर्वांत सोपे. काम फसते ते बहुधा उरलेल्या दोन गोष्टींपाशी. चौथी एक गोष्ट जागा बदलत नाही, ती म्हणजे जबाबदारी. डेटा कोणाच्याही यंत्रावर असला तरी नागरिकाला, ग्राहकाला, रुग्णाला उत्तर द्यायचे असते ते संस्थेनेच.

१. संस्था क्लाउड का बदलतात

भारतात क्लाउडचा विस्तार झाला तो आधी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे सुरू केली. ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या भागांत मोठी डेटा सेंटर उभी राहिली. पुरवठादार वाढले तशी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय झाली आणि कारणेही वाढली.

सरकारी आणि निमसरकारी संस्थांत नेहमीचे कारण म्हणजे कराराची मुदत संपणे. निविदा ठरावीक वर्षांची असते. पुढच्या निविदेत दुसरा पुरवठादार आला की डेटा त्याच्याकडे जातो. दुसरे कारण धोरणाचे. केंद्र सरकारने २०१३ मध्ये ‘मेघराज’ या नावाने सरकारी क्लाउडचा कार्यक्रम आखला. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले आणि सरकारी खात्यांनी आपली साठवण क्लाउडवर, तीही देशाच्या हद्दीतच, न्यावी अशी दिशा ठरवली. तिसरे कारण विलीनीकरणाचे. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या. कायद्याने हे एका दिवसात घडले, पण देना बँकेच्या शेवटच्या शाखांची खाती नव्या प्रणालीत यायला डिसेंबर २०२० उजाडला. चौथे कारण कायद्याचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली आणि स्थानिक निबंधकांकडच्या नोंदी राष्ट्रीय माहितीसाठ्याला जोडणे क्रमप्राप्त झाले. भाडे परवडेनासे होणे किंवा सेवा असमाधानकारक असणे, ही खासगी कंपन्यांची कारणे याखेरीज आहेत.

२. तीन शहरांचे दप्तर

अशा स्थलांतरात काय पणाला लागते हे पाहायला कल्याणजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांचे उदाहरण घेऊ. त्यांचा इतिहास पाहिला तर दप्तर हलणे इथे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत, तिथल्या बराकींमध्ये, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. विस्थापितांना भरपाई आणि पुनर्वसन देणारा केंद्रीय कायदा १९५४ साली झाला. निर्वासितांना मिळालेल्या घरांची आणि जागांची मालकी पुढे सनदांच्या रूपाने नोंदली गेली. १९९६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २००६ मध्ये राज्याने केवळ या शहरातल्या अनधिकृत बांधकामांच्या नियमितीकरणासाठी स्वतंत्र कायदा केला. यांतल्या प्रत्येक टप्प्याने नवी कागदपत्रे निर्माण केली आणि जुनी तशीच राहिली.

अंबरनाथ आणि बदलापूरची गोष्ट वेगळी आहे. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही दोन्ही गावे तिच्या हद्दीत गेली. १९९२ मध्ये ती बाहेर पडली आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर अशा दोन नगरपरिषदा झाल्या. म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू यांची खाती एका दशकात एकदा आत गेली आणि एकदा बाहेर आली. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने विकसित केलेली संगणकीकृत कारभाराची पद्धत नंतर राज्यातल्या इतर नागरी संस्थांसाठी नमुना मानली गेली. त्यामुळे वहीतून संगणकात, स्थानिक सर्व्हरवरून राज्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि तिथून क्लाउडकडे असा प्रवास या भागातल्या नोंदींच्या वाट्याला येणे स्वाभाविक आहे.

अशा शहरात एका नोंदीचे मोल काय असते हे वेगळे सांगायला नको. ज्या कुटुंबाचे मूळ गाव सीमेपलीकडे राहिले, त्याच्याकडे वडिलोपार्जित सातबारा नसतो; छावणीतल्या खोलीचे वाटपपत्र, सनद आणि घरपट्टीचे खाते हाच त्याचा पुरावा. ती नोंद स्थलांतरात गहाळ झाली किंवा दुसऱ्याच्या नावावर चढली, तर त्या कुटुंबाचा हक्कच अडचणीत येतो. म्हणून मायग्रेशनचा विचार तंत्रज्ञांपुरता ठेवता येत नाही.

३. काय आहे ते आधी मोजणे

पहिले आव्हान तांत्रिक नाही. आपल्याकडे कोणता डेटा आहे हेच बहुतेक संस्थांना नेमके ठाऊक नसते. मुख्य डेटाबेस सर्वांना माहीत असतो. पण जुन्या सर्वेक्षणाची छायाचित्रे, स्कॅन केलेल्या फायली, विभागप्रमुखाच्या संगणकावरची एक्सेलची पाने, एसएमएस पाठवणारी सेवा, ऑनलाइन भरणा स्वीकारणारा दुवा, रोज रात्री चालणारा एखादा छोटा प्रोग्राम, हे सगळे यादीतून सुटते. सुटलेली वस्तू हलत नाही आणि तिची आठवण होते ती जुना करार संपल्यावर.

यादी करताना प्रत्येक डेटासंचाबद्दल पाच प्रश्न विचारावे लागतात : याचा मालक विभाग कोणता, आकार किती, रोज किती बदलतो, तो कोणत्या प्रणालींना लागतो, आणि कायद्याने किती काळ जपायचा आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर व्यवसायानुसार बदलते. उल्हासनगरमधल्या कपडे किंवा फर्निचरच्या व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. जन्ममृत्यूच्या नोंदी कायमच्या असतात. ज्याची मुदत संपली आहे आणि ज्याचा उपयोग नाही, तो डेटा नियमानुसार नष्ट करून मगच निघावे. निरुपयोगी डेटा वाहून नेण्याचे आणि नव्या जागी ठेवण्याचे भाडे उगाच भरावे लागते.

४. आकारमान आणि वेळ

इंटरनेटच्या जोडणीचा वेग बिटमध्ये मोजतात आणि साठवण बाइटमध्ये; एका बाइटमध्ये आठ बिट असतात. या साध्या हिशेबाने अनेक वेळापत्रके कोसळतात. १ टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला, जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी, सुमारे २२ तास लागतात. १०० टेराबाइटना सेकंदाला १ गिगाबिटच्या जोडणीवर सव्वानऊ दिवस लागतात. प्रत्यक्षात क्षमतेच्या ७० टक्के वेग मिळाला तर १३ दिवस. १ पेटाबाइट, म्हणजे १,००० टेराबाइट, त्याच जोडणीवर तीन महिन्यांहून अधिक काळ घेतो. शिवाय ती जोडणी संस्थेच्या रोजच्या कामालाही हवी असते.

आकारापेक्षा फाइलींची संख्या कधी कधी जास्त जाचक ठरते. प्रत्येकी १०० किलोबाइटच्या १ कोटी स्कॅनचा एकूण आकार १ टेराबाइट होतो. सेकंदाला १ गिगाबिट वेगाने एवढा डेटा सव्वादोन तासांत जायला हवा. पण प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र विनंती जाते, उत्तर येते, नोंद होते. या देवाणघेवाणीला फाइलमागे सेकंदाचा विसावा भाग लागला आणि फाइली एकामागून एक गेल्या, तर तेच काम पावणेसहा दिवस चालते. नागरी संस्थांचा बराचसा डेटा नेमका असाच असतो : पावत्या, दाखले, नकाशे, अर्जांचे स्कॅन. त्यावर उपाय म्हणजे शेकडो फाइली समांतर पाठवणे किंवा लहान फाइली मोठ्या गठ्ठ्यांत बांधून नेणे. मात्र गठ्ठा सोडल्यावर प्रत्येक फाइल आपल्या मूळ जागी, मूळ तारखेसह पोहोचली का, हे तपासावे लागते.

डेटा फारच मोठा असेल तर तो कुलूपबंद साठवण-पेट्यांत भरून रस्त्याने नेला जातो. ॲमेझॉनने २०१६ मध्ये यासाठी १०० पेटाबाइट सामावणारा, ट्रकने ओढायचा कंटेनर आणला होता. २०२४ मध्ये ही सेवा बंद झाली. पेटी प्रवासात असताना मूळ डेटा बदलत राहतो, त्यामुळे पेटी भरल्यानंतरचे बदल तारेवरून पाठवावेच लागतात.

५. रचना, लिपी आणि पत्ते

दोन क्लाउडमधले डेटाबेस वेगळे असले तर तोच डेटा तसाच उतरत नाही. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘मूल्य नाही’ असे मानते. पोस्टग्रेस रिकामा मजकूर आणि मूल्य नसणे या दोन वेगळ्या गोष्टी समजते. त्यामुळे ‘ज्यांचा पत्ता नोंदलेला नाही’ अशी यादी दोन्हीकडे वेगळी येऊ शकते. रकमेचा रकाना दशमान अचूकतेऐवजी अंदाजी अपूर्णांकात उतरला तर करांच्या बेरजेत पैशांचा फरक पडतो आणि हजारो खात्यांत तो दिसू लागतो. तारखेत दिवस आधी की महिना आधी हा घोळ १ ते १२ या दिवसांतच लपतो, कारण तेराव्या दिवसापासूनची उलटी तारीख संगणक स्वतःच नाकारतो.

मराठी नोंदींचे प्रश्न याहून खोल आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी सरकारी कचेऱ्यांत पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम प्रणाली, श्रीलिपी, आकृती अशी साधने वापरली जात. त्यांतल्या अनेक फाँटमध्ये अक्षर पडद्यावर देवनागरी दिसे, पण साठवले जाई ते रोमन चिन्हांच्या जागी. असा मजकूर नव्या क्लाउडमध्ये बाइटनिहाय अगदी अचूक पोहोचतो आणि तरीही वाचता येत नाही, कारण तो फाँट तिथे नसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर स्वतंत्रपणे करून माणसाच्या डोळ्यांनी तपासावे लागते. जोडाक्षरे आणि रफार इथे हमखास चुकतात.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येते. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ चिन्हाने लिहिता येतो, तसाच साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिता येतो. ‘ॲडव्होकेट’ मधला ॲ हे एक अक्षर असू शकते किंवा ‘अ’ आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हे असू शकतात. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. संगणकाला ही दोन वेगळी नावे वाटतात. शोधाला उत्तर येत नाही, नावाची जुळणी होत नाही आणि कधी एकाच माणसाची दोन खाती तयार होतात.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे मराठीत फक्त ८५ चिन्हे, आणि काना-मात्रा यांतच मोजल्या जातात. विषय, विभाग, वर्ष असे सगळे लिहिलेले लांब मराठी नाव एका व्यवस्थेत चालते आणि दुसऱ्या व्यवस्थेत नाकारले जाते. ॲमेझॉनच्या साठवणीत संपूर्ण नाव मार्गासह १,०२४ बाइटांत बसावे लागते. याची तपासणी निघण्याआधीच करता येते आणि करायला हवी.

उल्हासनगरमध्ये यावर आणखी एक थर चढतो. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि देवनागरीतही. देवनागरी सिंधीसाठी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही खास अक्षरे युनिकोडमध्ये आहेत. अनेक सिंधी आडनावांच्या शेवटी येणारा प्रत्यय मराठी कारकून कधी ‘णी’ लिहितो, कधी ‘नी’. रोमन लिपीत अंबरनाथचेच स्पेलिंग दोन प्रकारे आढळते. पत्त्यांचे तर निराळेच तर्कशास्त्र आहे : कॅम्प क्रमांक, सेक्शन, बराक क्रमांक, खोली क्रमांक. नव्या प्रणालीत ‘इमारत, रस्ता, परिसर’ असे तीनच रकाने असतील तर बराक क्रमांक इमारतीत जाईल की रस्त्यात, हे प्रत्येक कारकून आपापल्या समजुतीने ठरवील. पिनकोड पडताळणीला मदत करतो, कारण उल्हासनगरच्या पाच भागांचे ४२१००१ ते ४२१००५ हे पिनकोड कॅम्पांशी बऱ्यापैकी जुळतात. पण एका बराकीतल्या दोन खोल्या वेगळ्या ओळखायला पिनकोड पुरत नाही. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पत्त्यांचा आराखडा ठरवणाऱ्या संस्थेला अशा नोंदी अचूक नेता येत नाहीत.

६. सगळे पोहोचले याचा पुरावा

फाइल बदलली नाही हे सिद्ध करायला चेकसम वापरतात. फाइलमधल्या सर्व बाइटांवर गणित करून एक छोटी खूण काढली जाते. एक बिट बदलला तरी खूण वेगळी येते. मूळ ठिकाणी काढलेली खूण आणि नव्या ठिकाणी काढलेली खूण जुळली तर फाइल तीच आहे. मात्र काही क्लाउड मोठ्या फाइलचे तुकडे करून साठवतात आणि तुकड्यांवरून खूण काढतात; अशा वेळी फाइल तीच असूनही खुणा जुळत नाहीत. म्हणून खूण काढण्याची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवून ती आधी ठरवून घ्यावी लागते.

डेटाबेसला एवढ्याने भागत नाही. तिथे ओळींची संख्या, प्रभागनिहाय थकबाकीची बेरीज, वर्षनिहाय जन्मनोंदींची संख्या असे व्यवहारातले आकडे जुळवावे लागतात. शिवाय निवडक खाती कागदी मूळ नोंदीशी ताडून पाहावी लागतात. ही निवड यादृच्छिक असावी आणि अडचणीची खाती त्यात मुद्दाम घालावीत : नाव हस्तांतरित झालेली, दोनदा मोजणी झालेली, न्यायालयात असलेली.

काही व्यवसायांत डेटाबरोबर त्याचा इतिहासही न्यावा लागतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने आणि औषधे बनवणारे कारखाने आहेत. औषधनिर्मितीत प्रत्येक चाचणी कोणी केली, केव्हा केली, आकडा नंतर बदलला का आणि का बदलला, याची नोंद जपावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींचे नियम १९९७ पासून आहेत आणि भारतात डिसेंबर २०२३ मध्ये औषधनिर्मितीच्या नियमांची सुधारित अनुसूची ‘एम’ अधिसूचित झाली. चाचणीचा निष्कर्ष नव्या क्लाउडमध्ये गेला, पण बदलांचा माग मागे राहिला, तर तपासणीसाला ती नोंद विश्वासार्ह मानता येत नाही. उपकरणाची मूळ फाइल त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल, तर ते सॉफ्टवेअरही चालू स्थितीत जपावे लागते.

७. प्रत्यक्ष बदलाची वेळ

मोठे स्थलांतर तीन पायऱ्यांत होते. आधी संपूर्ण डेटाची एक प्रत नव्या जागी उतरते. मग त्यानंतरचे बदल सतत मागून पाठवले जातात. दोन्हीकडचे अंतर काही मिनिटांवर आले की जुनी प्रणाली थोडा वेळ थांबवून शेवटचे बदल पाठवतात आणि वापरकर्त्यांना नव्या प्रणालीकडे वळवतात. ही शेवटची पायरी म्हणजे कटओव्हर.

नागरी संस्थांना त्यासाठी मोकळा काळ फार कमी मिळतो. जानेवारी ते मार्च करवसुलीचा हंगाम असतो. मे-जूनमध्ये शाळाप्रवेशासाठी दाखल्यांची गर्दी होते. पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापन चालू असते. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, या दोन घटना उल्हास नदीकाठच्या प्रशासनाला विसरता येणार नाहीत. उरलेल्या महिन्यांतल्या एखाद्या शनिवार-रविवारी कटओव्हर बसवावे लागते, आणि ते फसले तर मागे कसे फिरायचे हे आधी लिहून ठेवावे लागते. नव्या प्रणालीत एकदा पावत्या फाटू लागल्या की मागे फिरणेही अवघड होते, कारण आता नव्या पावत्या जुन्या प्रणालीत उतरवाव्या लागतात. परतीचा निर्णय कोणत्या वेळेपर्यंत, कोणी आणि कशावरून घ्यायचा, हे ठरलेले नसेल तर पहाटेच्या गोंधळात तो कोणीच घेत नाही.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचा अनुभव या बाबतीत जगभर अभ्यासला जातो. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीतून नव्या मंचावर एकाच वेळी नेली. डेटा व्यवस्थित पोहोचला होता. कोसळला तो नवा मंच. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना आणि सर्व व्यवहार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरमधून चालायची होती, पण भाराची चाचणी एकाच सेंटरवर झाली होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही वैयक्तिक दंड झाला. पुरवठादार तयार आहे याची खात्री त्यांनी पुरेशी करून घेतली नव्हती, हा ठपका होता. काम दुसऱ्याला देता येते, खात्री करून घेणे देता येत नाही, हे या निकालाने स्पष्ट केले.

८. सुरक्षा आणि कायदा

स्थलांतराच्या काळात डेटा सर्वांत उघडा असतो. तो एकाच वेळी दोन जागी, वाटेत आणि तात्पुरत्या साठवणींत असतो. नेहमीपेक्षा अधिक माणसांना अधिकार दिलेले असतात. वाटेतला आणि साठवलेला डेटा एन्क्रिप्शनने बंद ठेवणे हा पहिला नियम. पण किल्ल्या जुन्या पुरवठादाराच्या सेवेत बनल्या असतील तर त्या बहुधा बाहेर काढता येत नाहीत. डेटा तिथे उघडून नव्या किल्लीने पुन्हा बंद करावा लागतो. अधिकारांचेही तसेच आहे. एका क्लाउडमधले परवानग्यांचे नियम दुसऱ्याला समजत नाहीत, ते नव्याने लिहावे लागतात, आणि घाईत ‘तूर्त सगळ्यांना मुभा’ दिली जाते. ही तात्पुरती मुभा काढायची राहून गेली की नागरिकांची कागदपत्रे उघडी पडतात.

भारतातला कायदा याबाबत स्पष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार डेटावर प्रक्रिया दुसऱ्या कंपनीने केली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते आणि सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबतचे तिचे एप्रिल २०२३ चे निर्देश मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही लागू आहेत आणि पुरवठादाराकडून बाहेर कसे पडणार याचा आराखडा ते मागतात. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने प्रणालींच्या नोंदवह्या (लॉग) १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. जुना क्लाउड बंद करताना त्याच्या नोंदवह्या पुसून टाकणे म्हणूनच चालत नाही. जुन्या ठिकाणचा डेटा खरोखर नष्ट झाल्याचे लेखी प्रमाणपत्र घेणे हे स्थलांतराचे शेवटचे काम.

९. खर्च आणि अडकणूक

क्लाउडमध्ये डेटा आत घालायला सहसा पैसे पडत नाहीत; बाहेर काढायला पडतात. हे बाहेर पडण्याचे शुल्क गिगाबाइटवर आकारले जाते, त्यामुळे मोठ्या संस्थांना जुन्या पुरवठादाराकडे राहणेच स्वस्त वाटते. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि पुरवठादार बदलण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. तो लागू होण्याआधीच, त्याच्या पार्श्वभूमीवर, गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये, सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांना अटींसह ही शुल्कमाफी जाहीर केली. माफीसाठी आधी अर्ज करावा लागतो, हे अनेक ग्राहकांच्या लक्षात येत नाही.

याहून मोठा खर्च दोन्ही क्लाउड काही महिने समांतर चालवण्याचा असतो. तो अंदाजपत्रकात धरला नाही तर पैसे वाचवण्यासाठी तपासणी आटोपती घेतली जाते, आणि नेमकी तिथेच चूक राहते. अडकणुकीचे खरे मूळ मात्र प्रणालीच्या रचनेत असते. एकाच पुरवठादाराकडे मिळणाऱ्या खास सेवांवर बांधलेले सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही, ते पुन्हा लिहावे लागते. खुल्या मानकांवरचे डेटाबेस आणि सर्वत्र वाचता येणारे फाइलप्रकार निवडले, तर पुढचे स्थलांतर सुकर होते.

१०. बॅकअप

डेटा हलवताना तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी पूर्ण प्रत असावी. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. ६०० हून अधिक सरकारी सेवा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी सुमारे ८५८ टेराबाइटची साठवण जळाली. आकार फार मोठा असल्याचे कारण देऊन तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे. २०२४ मध्ये गूगल क्लाउडकडून झालेल्या एका चुकीच्या मांडणीमुळे त्याची संपूर्ण खासगी क्लाउडव्यवस्था, दुसऱ्या भौगोलिक ठिकाणच्या प्रतीसह, पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सदस्यांचे खाते-व्यवहार थांबले, पण दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतीच्या आधाराने सेवा पुन्हा उभी राहिली. एकाच पुरवठादाराकडच्या दोन प्रती म्हणजे दोन बॅकअप नव्हेत. आणि ज्या बॅकअपमधून डेटा परत उभा करून पाहिलेला नाही, त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

११. करार आणि माणसे

नगरपरिषदेसारख्या छोट्या संस्थेकडे क्लाउडचे तज्ज्ञ नसतात. बहुतेक सारे काम पुरवठादारच करतो. म्हणून करारच नीट असावा लागतो. डेटाची मालकी संस्थेची राहील, करार संपताना तो ठरलेल्या मुदतीत खुल्या स्वरूपात मिळेल, डेटाबेसच्या रचनेचा आणि रकान्यांच्या अर्थाचा लेखी तक्ता सोबत मिळेल, जुना पुरवठादार स्थलांतर पूर्ण होईपर्यंत सहकार्य करील आणि शेवटची देयके त्यावर अवलंबून असतील, या अटी निविदेतच हव्यात. निघायची वेळ आल्यावर त्या घालता येत नाहीत.

करारात मावत नाही ते ज्ञान माणसांकडे असते. एखाद्या खात्यापुढे वीस वर्षांपूर्वी मारलेली खूण कशाची, दोन क्रमांक असलेली बराक कोणती, वेगळे झाल्यावर कोणत्या प्रभागाची वही कल्याणला राहिली, हे वसुली विभागातल्या जुन्या लिपिकाला माहीत असते. तो निवृत्त होण्यापूर्वी हे लिहून घेणे स्थलांतराच्या तयारीचाच भाग मानायला हवा. नव्या प्रणालीचे प्रशिक्षण, पहिल्या काही आठवड्यांत खिडकीवर येणाऱ्या तक्रारींची वेगळी नोंद, आणि चूक आढळल्यास नागरिकाला कागदी मूळ दाखवून दुरुस्ती मिळवण्याची सोपी वाट, हेही त्यात आले. स्थलांतराच्या आधीच्या स्थितीची, फक्त वाचता येईल अशी एक प्रत काही वर्षे जपली तर अशा दुरुस्त्या वादाशिवाय होतात.

मोठ्या डेटाचे स्थलांतर यशस्वी झाले असे म्हणायला त्यामुळे चार कसोट्या लागतात. आकडे जुळले पाहिजेत, नोंदी त्याच अर्थाने वाचता आल्या पाहिजेत, ज्यांना अधिकार आहे त्यांनाच त्या दिसल्या पाहिजेत, आणि ज्याची नोंद आहे त्या माणसाला आपला हक्क पूर्वीइतक्याच सहजपणे सिद्ध करता आला पाहिजे. पहिल्या तीन कसोट्या तंत्रज्ञ तपासू शकतात. चौथी तपासायचे काम संस्थेचे आहे, आणि तिला ते कोणाकडेही सोपवता येत नाही.